गेटाबाहेरचा विसावा

कोळदऱ्याची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली आणि कोणालाही वाईट वाटलं नाही. ती दर वेळी तहकूब होते. ग्रामपंचायतीचा शिपाई स्पीकर लावून गावभर ओरडतो, लोक घरातला टीव्ही थोडा मोठा करतात, आणि सभेच्या वेळी समाजमंदिरात माणसांपेक्षा सतरंज्याच जास्त दिसतात. मग सभा तहकूब होते. चहा येतो. चहा संपला की तीच सभा पुन्हा सुरू होते, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही असा नियम आहे. ज्याने तो केला त्याने गावाची अडचण दूर व्हावी म्हणून केला असेल. कोळदऱ्याने त्याची सोय करून घेतली. ज्या विषयावर गावाने बोलू नये असं वाटतं तो विषय चहानंतर घ्यायचा, ही इथली पद्धत. मंडळी, कोळदऱ्याला हसण्याआधी आपण आपल्या गावच्या सभेला शेवटचे कधी गेलो होतो ते जरा आठवू या.

त्या दिवशी चहानंतरचा विषय होता सोपानच्या जमिनीचा. सोपान म्हणजे उपसरपंच आदेशचा चुलतभाऊ. ओढ्याकडचं आपलं रान त्याने पुण्याच्या एका पार्टीबरोबर भागीत बंगल्यांच्या स्कीमला लावलं होतं. जाहिरातीत घाटमाथ्यावरच्या घाटघरचे ढग छापले होते. प्रत्यक्षात तिथे चहूकडे ऊस होता आणि उसात बिबट्या, पण बिबट्या कोणी छापला नव्हता. तालुक्याची परवानगी मिळायची तर ग्रामपंचायतीचं ना हरकत हवं होतं, आणि त्यात एक वाक्य अगदी हवंच होतं. या जागेतून कोणतीही सार्वजनिक वाट जात नाही, हे ते वाक्य.

वाट तर जात होती! गावातून ओढ्याकाठच्या मसणवट्यात जाणारी जुनी पाणंद सोपानच्या रानाच्या मधोमध होती. नकाशात ती नव्हती. वहिवाटीच्या वाटा पुष्कळदा नकाशात नसतात, माणसं चालतात म्हणून त्या असतात. या पाणंदीच्या निम्म्यावर एक सपाट काळा दगड होता, विसाव्याचा. गावातून निघालेली तिरडी त्या दगडावर टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि मग पुढे ओढ्याकडे निघायचं. बायका तिथपर्यंतच येतात. शेवटचा हात लावतात, रडतात आणि माघारी फिरतात. बाईने मसणवट्यात जायचं नाही ही गावाची रीत. चांगली की वाईट तो वाद वेगळा. पण त्या रीतीमुळे पुरुषांचा निरोप चितेपाशी होतो आणि बायकांचा विसाव्यावर.

सरपंचबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि कारभार, सह्यांसकट, आदेश करत होता. पस्तिशीचा, गोड बोलणारा, लग्नाकार्यात पुढे पुढे करणारा माणूस. त्याने ठराव भराभर वाचला आणि मान वर केली, तर सतरंजीवर एक बाई उभी होती.

त्या किराणा दुकानाच्या जतनबाई. त्यांच्या सासऱ्यांचे वडील राजस्थानातून इथे आले आणि इथलेच झाले. नवरा फतेचंद जाऊन बरीच वर्षं झाली होती, दुकान त्या एकट्याच चालवत.

"आदेश, हितनं मसणवट्याची वाट जाती," त्या म्हणाल्या. "ती आधी लिव्ह, मग बंगले लिव्ह."

आदेश हसला. "काकी, तुमाला एवढी कसली घाई झालीया मसणात जायाची?"

सभा खदखदून हसली. सरपंचबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मागून कोणीतरी आवाज टाकला, "आन् मारवाड्यांचा आमच्या वाटेशी काय संबंध वो?" त्यावर आणखी मोठं हसू उसळलं.

जतनबाई हसू ओसरेपर्यंत उभ्या राहिल्या. "माझे मालक ह्याच वाटेनं गेले. मी इसाव्यावरनं माघारी फिरले तवा ह्यातली निम्मी माणसं संगं व्हती. आता इसरली आसतील. हसा. पर येक सांगते, वाट काय कुदळीनं बंद होत नाय. आपण आसं गप बसतो ना, तशीच बंद होती."

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सर्वांमध्ये जतनबाई धरल्या नव्हत्या.

पुढची पायरी स्थळपाहणीची. तालुक्याचे साहेब जागा पाहायला येणार आणि साहेब येणार म्हणजे जेवण आलं. आमच्या जुन्नर-आंबेगावात पाहुण्याला जिंकायचं तर मासवडी करतात, आणि कोळदऱ्यात मासवडी करावी ती आदेशच्या आईनेच. धोंडाबाईंना दम्याने पार खाल्लं होतं. चार पावलं चालल्या की भिंत धरून उभ्या राहायच्या.

"आई, उद्या सायेब येनारेत," आदेश म्हणाला. "मासवडी तुझ्याच हातची पायजे."

"कसले सायेब?"

"सोपानदादाची जागा बघाया."

 सकाळी धोंडाबाई चुलीपुढे बसल्या. बेसन शिजवलं, ओल्या फडक्यावर थापलं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरलं, गुंडाळ्या केल्या. मधेमधे दम लागला की थांबायच्या. नवरा चांगदेव पायात वहाणा घालून निघाला तेव्हा त्यांनी हाक मारली.

"आवं, तुमी आसनार न्हवं तिथं? तेवढं वाटंचं सांगा सायबाला."

"सांगतो की."

"माजी म्हायेराची वाट डिंब्याच्या धरनात गेली. आता जायाची येकच ऱ्हायलीया." त्यांनी पुन्हा दम घेतला. "थोरलीला त्या दगडावर टेकवली व्हती. मी तिथनं माघारी फिरले. जित्तेपनी बाई त्याच्या फुडं जात न्हाई. मला तिथं टेकवा, घडीभर लेकीच्या जागंवर, आन् मंग फुडं न्या. लई न्हाई मागत मी."

थोरली म्हणजे त्यांची पहिली मुलगी. लग्न ठरलेलं असताना तापाने गेली होती. तिचं नाव त्या घरात कोणी घेत नसे.

"सांगतो म्हनलं ना," चांगदेव म्हणाला आणि बाहेर पडला.

साहेब माणूस वाईट नव्हते. नकाशा उघडून त्यांनी सगळं रान पायी पाहिलं. चालता चालता थांबले आणि पायाखाली बघितलं. दोन्हीकडे गवत आणि मधून घट्ट, उघडी माती.

"ही वाट कसली?"

"गुरांची, सायेब," सोपान चटकन म्हणाला. "आमचीच गुरं."

साहेबांनी आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं. कोणी उसाकडे बघत होतं, कोणी मोबाइलमध्ये. या भागात एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर मिळते. भावकीतल्या माणसाविरुद्ध चारचौघांत तोंड उघडायचं नाही. बांधावरून डोकी फोडतील, कोर्टात पिढ्या घालवतील, पण साहेबापुढे भाऊबंद खोटा पडू द्यायचा नाही. याला इथे इज्जत म्हणतात.

साहेब चांगदेवाजवळ आले. "बाबा, तुम्ही सगळ्यांत जुने दिसता. खरं सांगा. इथून लोकांची वाट आहे का?"

चांगदेव वाटेवरच उभा होता! याच वाटेने त्याने बापाला नेलं होतं, लेकीला नेलं होतं. त्याने मुलाकडे पाहिलं. आदेशने मान हलवली नाही की डोळा मारला नाही, नुसता बघत राहिला.

"न्हाई," चांगदेव म्हणाला. "वाट न्हाई हितं."

मग पंगत बसली. साहेबांनी मासवडी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, "घरच्या बाईंच्या हाताला चव आहे हो."

चांगदेव घरी आला तेव्हा धोंडाबाई कॉटवर टेकून बसल्या होत्या. "ग्वाड लागल्या वड्या?"

"लागल्या."

"आन् वाटंचं?"

चांगदेव पाय धुवत राहिला. धुतलेले पाय त्याने पुन्हा धुतले.

"बरं केलं," धोंडाबाई म्हणाल्या. "पोराचं नाव ऱ्हायलं."

शिवी दिली असती तर चांगदेवाला सोसली असती. त्यानंतर धोंडाबाईंनी वाटेचा विषय काढला नाही आणि मासवडीही केली नाही.

बंगले झाले. भोवती उंच भिंत, पुढे लोखंडी गेट, गेटावर अनधिकृत प्रवेशास मनाई. पुण्याची माणसं शनिवार-रविवारी येऊ लागली, काही कायमची राहायला आली. विसाव्याचा दगड आत गेला. एवढा चांगला सपाट दगड बागेत शोभून दिसेल असं कोणाला तरी वाटलं, म्हणून त्याच्याभोवती हिरवळ लावली. लोक त्याच्यावर बाकासारखे बसायचे, पाय सोडून फोटो काढायचे. एका संध्याकाळी सोसायटीच्या अध्यक्ष तेजस्विनी मॅडम यांच्या मुलीचा, श्रेयाचा वाढदिवस झाला. दगडावर फुलांची चादर टाकली, फुगे बांधले आणि त्या दगडावर केक कापला.

भिंतीच्या बाहेर उसाच्या बांधावर चढून गावातली माणसं ते बघत होती. "आरं, मढं टेकवायच्या दगडावर क्याक!" म्हणून एकमेकांना टाळ्या देत होती. आदेशही होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आत जाऊन सांगावं असं एकालाही वाटलं नाही.

मग खालच्या आळीतले गेणभाऊ गेले. त्यांची तिरडी हायवेने वळसा घालून चिखलातून न्यावी लागली. घरच्या बायकांनी निरोप कुठे द्यायचा हेच कळेना. शेवटी त्या उंबऱ्यातूनच माघारी फिरल्या. गेणभाऊंची सून ग्रामपंचायतीत येऊन रडली तेव्हा आदेश म्हणाला, "वहिनी, थोडं लांब पडतं, पन रस्ता डांबरी हाय ना?"

मंडळी, दुसऱ्याच्या मढ्याला रस्ता डांबरी असला की आपल्याला पुरतं.

धोंडाबाई एका रविवारी पहाटे गेल्या. नवऱ्याआधी गेल्या म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. चांगदेव कोपऱ्यात बसून होता. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा तो एकदम म्हणाला, "पानंदीनंच न्यायची. तिनं सांगून ठिवलंय."

"आबा, तिथं गेट हाय."

"तू उपसरपंच हायेस न्हवं? उघड."

आदेशला ते पटलं. आपण गेलो तर कोण अडवतंय, असं त्याला वाटलं. विस्तवाचं मडकं हातात धरून तो अनवाणी पुढे चालू लागला. मागे तिरडी, तिच्या मागच्या दांड्याला सोपानचा खांदा. त्यामागे बायका आणि बायकांत जतनबाई.

गेटावरच्या वॉचमनने हात आडवा केला. "एंट्री नहीं है भैया. मैडम ने मना किया है."

तेजस्विनी मॅडम घाईघाईने आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. आतून मिसळीचा वास येत होता आणि गाणं चालू होतं. कोणीतरी सौजन्याने ते हळू केलं.

"मला खरंच वाईट वाटतंय हो," त्या म्हणाल्या. "पण आत लहान मुलं आहेत, सगळ्यांकडे पाहुणे आलेत. तुमची वाट हायवेकडून आहे ना?"

"मॅडम, ही आमची वाट हाय. बापजाद्यांपासनं हाय."

"घर घेताना आम्ही वकिलांकडून सगळं तपासून घेतलं होतं. इथून कुठलीही वाट जात नाही, हे तुमच्याच ग्रामपंचायतीने लिहून दिलंय. तुम्ही उपसरपंच ना? सही तुमचीच आहे त्याच्यावर."

आदेशच्या हातातलं मडकं तापलं होतं. ते खाली ठेवता येत नाही. त्याने मागे वळून सोपानकडे पाहिलं. "दादा, सांग की त्यांना!"

"माज्या हातात काय ऱ्हायलं न्हाई," सोपान तिरडीखालून म्हणाला. "सोसायटी त्यांच्या ताब्यात दिली ना आपण."

तेवढ्यात चांगदेव पुढे झाला. गेटाच्या गजाला धरून म्हणाला, "बाई, वाट हाय. मी सायबाला खोटं सांगितलं व्हतं. मी खोटा. ती न्हवती खोटी. तिला तेवढं त्या दगडावर टेकवू द्या, लगीच घिऊन जातो."

सगळा गाव ऐकत होता. तेजस्विनी मॅडमना दगडाचं काही कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की हा म्हातारा आता वेगळं बोलतोय.

"आजोबा, हे तेव्हा बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "आता आम्ही घरं घेऊन बसलोय इथे. आज तुमच्यासाठी गेट उघडलं तर उद्या रोजचं होईल. सॉरी." आणि त्या वळल्या.

बरोबरच होतं त्यांचं. हेच तर सगळ्यात भयंकर होतं!

सोपान म्हणाला, "माजा टेम्पो बोलावतो. हायवेनं नेऊ." कोणी काही बोललं नाही, म्हणजे ठरलं. गप्प बसून ठरवायची कोळदऱ्याला सवयच होती.

"थांबा," जतनबाई पुढे आल्या. "बायांनी निरोप कुठं द्यायचा? टेम्पोत चढून? हितंच टेकवा तिला."

इथे म्हणजे कुठे? गेटासमोर जागा होती ती सोसायटीच्या दोन कचरापेट्यांच्या मधे. एक ओल्या कचऱ्याची हिरवी, एक सुक्या कचऱ्याची निळी. रविवार असल्याने दोन्ही भरून वाहत होत्या. कलिंगडाची एक फोड खाली पडली होती. चांगदेवाने ती आपल्या हाताने बाजूला केली आणि हात धोतराला पुसला. मग तिरडी टेकवली. खांदेकऱ्यांनी जागा बदलल्या. बायकांनी एकेक करून हात लावला. माश्या पेटीवरून उठून हिरव्या लुगड्यावर बसत होत्या आणि जतनबाई पदराने त्या हाकलत होत्या.

आदेशला एकाएकी स्वतःचं वाक्य आठवलं. एवढी कसली घाई झालीया मसणात जायाची? त्याने जतनबाईंकडे पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या माश्या हाकलत होत्या.

टेम्पो आला. याच भिंतीच्या विटा त्याने वाहिल्या होत्या. आत विटांचा लाल भुगा पसरलेला होता. तिरडी आत सरकवली, चांगदेव तिच्या पायांशी बसला, आणि हायवेच्या खड्ड्यांतून धोंडाबाई निघाल्या. ओढ्यावर पोचेपर्यंत लुगड्याचा हिरवा रंग ओळखू येईनासा झाला.

तेरावं झाल्यावर आदेश जतनबाईंच्या दुकानात आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले.

"काकी, त्या बाईवर केसच ठोकतो. गेटच उखडून टाकतो तिचं."

जतनबाई साबुदाणा तोलत होत्या. तोलून झालं, गिऱ्हाईक गेलं, मग बोलल्या. "तिनं काय केलं?"

"काय केलं? माज्या आईला कचऱ्यापाशी टेकवायला लावली!"

"तिला कुनी सांगितलं व्हतं, तो दगड कसला हाय? पोरीचा क्याक तिनं तिथं कापला तवा समदं गाव बांधावर चढून हसलं. तूबी हसलास. म्हंजे तिची येक थट्टा झाली आन् आपली दुसरी. गेट तिनं न्हाई लावलं, आदेश. तू लावलंस. तुज्या बापानं लावलं. घरात टीव्ही बघत बसलेल्या समद्यांनी लावलं. तुज्या आईच्या हातची मासवडी खाऊन लावलं."

आदेश पोत्यावर मटकन बसला. "तुमी मला त्या दिशी हसायला पायजे व्हतं, काकी. गेटापाशी. मी हसलो व्हतो तुमाला."

"मरनाला हसायची रीत तुमच्या सभेत आसंल. माज्या दुकानात न्हाई."

जतनबाईंनी तराजू पुसला. मग आदेशने विचारलं, "आता काय करू?"

"सभा लाव. आन् ह्यो विषय चहाच्या आधी घे. उभं ऱ्हाऊन सांग, मी खोटं लिव्हलं. ठराव फिरव आन् तहसीलदाराकडं अर्ज दे."

"पद जाईल. सोपानदादा जन्मात तोंड बघनार न्हाई माजं."

"व्हय, जाईल," जतनबाई म्हणाल्या. "पर तुज्या आईला दोन पेट्यांच्या मधे टेकवली तवा तुजं पद काय कामाला आलं रं?"

आदेश तिथेच हमसून हमसून रडला. जतनबाईंनी त्याला रडू दिलं आणि दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं.

त्या सभेला सतरंज्या कमी पडल्या. गाव जागं झालं असं कोणी समजू नये. उपसरपंच आपलं तोंड काळं करून घेणार हे कळलं होतं, म्हणून गर्दी झाली होती. आदेशने उभं राहून सगळं सांगितलं. सही माझी, खोटं माझं, जतनकाकींची माफी मागतो. आणि राजीनामा टेबलावर ठेवला. सोपान तिथल्या तिथे उठला, "भावकी मेली आजपासनं!" म्हणून निघून गेला. मग ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं ते तावातावाने बोलू लागले. "आमाला तर ठाऊकच व्हतं!" म्हणाले. ठाऊक होतं, हाच तर तुमचा गुन्हा! पण ठराव झाला, चहाच्या आधी झाला.

तहसीलदारांकडे अर्ज गेला, तारखा पडल्या, आणि शेवटी पुन्हा स्थळपाहणी लागली. तेच साहेब आले. या वेळी गेट उघडं होतं. दगडाजवळ सगळे उभे राहिले. तेजस्विनी मॅडमही होत्या. दगड कसला हे त्यांना अर्ज वाचून कळलं होतं.

"साहेब, मी माझ्या मुलीचा केक कापला यावर," त्या म्हणाल्या. त्यांनी भिंतीबाहेरच्या बांधाकडे बोट केलं. "आणि ही सगळी माणसं बाहेरून बघत होती. यातल्या एकालाही मला येऊन सांगावंसं वाटलं नाही? त्या दिवशी गेटावर कोणी नीट सांगितलं असतं, की आजींना कुठे टेकवायचंय, तर मी इतकी दगड आहे का?"

गावाने पुन्हा उसाकडे पाहिलं. या वेळी लाजेने पाहिलं, एवढाच फरक.

साहेब चांगदेवाकडे वळले. "बाबा, मागच्या वेळी तुम्ही मला म्हणालात, वाट नाही. आता म्हणता, आहे. मी कोणतं खरं धरू?"

चांगदेवाने वाकून दगडावर हात ठेवला.

"सायेब," तो म्हणाला, "माजी बायकू हितनं जायाची ऱ्हायली."

साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. जेवणाचंही कोणी विचारलं नाही.

वाट खुली करायचा हुकूम निघाला. सोसायटीने विरोध केला नाही. भिंतीला दोन्हीकडे खिंडार पाडलं, दगडाभोवतीची हिरवळ काढली. तेजस्विनी मॅडमनी श्रेयाला बरोबर घेऊन दगडावर फुलं वाहिली. गाव म्हणालं, चला, शेवट गोड झाला.

चांगदेव मात्र त्या वाटेने जात नाही. रोज संध्याकाळी काठी टेकत येतो आणि गेटाबाहेर त्या दोन पेट्यांजवळ बसतो. सोसायटीने पेट्या हलवल्या, तरी तो त्याच जागी बसतो. आदेश समजावतो, "आबा, आत चला, इसाव्यापाशी बसा." तर म्हातारा मान हलवतो. "ती तिथं टेकली न्हाई रं. ती हितं टेकली."

म्हणून मंडळी, तुम्हाआम्हाला हात जोडून एवढंच सांगायचं आहे. सार्वजनिक वाट ही सरकारची नसते आणि भावकीचीही नसते. ती जो चालून गेला त्याची, आणि ज्याला अजून जायचं आहे त्याची असते. आपण तिच्याबद्दल एकदा गप्प बसलो की पुढे सत्य बोलूनही ती वेळेवर परत मिळत नाही. कोळदऱ्याला वाट मिळाली, पण जिने मागितली होती तिला मिळाली नाही.

परवा तिथे पुन्हा ग्रामसभा होती. कोरमला माणसं कमी पडली. शिपाई सवयीने चहा घेऊन आला. पद नसलेला आदेश सतरंजीवरून उठला, चहाची किटली त्याने परत पाठवली आणि घरोघर दारं वाजवत निघाला. काहींनी टीव्ही बंद केला, काहींनी नाही. आपण आपला बंद करू या. ग्रामसभेला जाऊ या, आणि जे बोलायचं ते चहाच्या आधी बोलू या.